पोटाचा हिशेब, कानाचा हिशेब

१८६२ सालची गोष्ट. लंडनमधले एक गृहस्थ ऐकू कमी येतं म्हणून कानाच्या डॉक्टरकडे गेले आणि डॉक्टरने त्यांचा पाव बंद केला.

गृहस्थांचं नाव विल्यम बँटिंग. घरचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. राजघराण्यातल्या मयतीचं कामसुद्धा त्यांच्याकडे असायचं. वय पासष्टच्या आसपास, उंची ५ फूट ५ इंच, वजन ९१ किलोंच्या वर. वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती आणि जिना उलट्या पावली उतरावा लागायचा. डॉक्टर विल्यम हार्वी (रक्ताभिसरण शोधणारा हार्वी वेगळा, तो दोनशे वर्षं आधीचा) यांना वाटलं की या माणसाचे कान बिघडलेले नाहीत, चरबीने दाबले गेलेत. त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करायला सांगितलं. वर्षभरात बँटिंग यांचं वजन सुमारे २१ किलोंनी उतरलं. कानही सुधारले. खूश होऊन त्यांनी १८६३ मध्ये स्वतःच्या खर्चाने एक छोटी पुस्तिका छापली, ती हातोहात खपली, आणि इंग्रजीत 'बँटिंग करणं' म्हणजे वजन उतरवणं असं क्रियापदच रूढ झालं. इंग्रजांनी ते पुढे टाकून दिलं. स्वीडिश लोक मात्र डाएट करण्याला आजही 'बांता' म्हणतात.

ही गोष्ट मला आवडण्याचं कारण खासगी आहे. मी दोनच विषयांवरची लोकप्रिय पुस्तकं हावरटासारखी वाचतो: आहार आणि संगीत. मी डॉक्टर नाही आणि गवईही नाही. दहा वर्षांत वजन जिथल्या तिथे आहे आणि पेटीवर अजून भूपच चाललाय. पण एवढी पुस्तकं वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली. दोन्ही विषयांतली पुस्तकं सुरुवातीला एक छान गोल आकडा हातात ठेवतात. तो आकडा खोटा नसतो. फक्त तो घेऊन हिशेब करायला बसलं की शेवटी थोडी बाकी उरते. त्या बाकीचं काय करायचं हे पुस्तकात बहुतेक वेळा शेवटच्या प्रकरणात असतं, आणि तिथवर आपण पोहोचत नाही. हा लेख त्या बाकीवर आहे.

रोजची एक पोळी

आहाराच्या पुस्तकांतला गोल आकडा म्हणजे ७,७०० कॅलरी बरोबर १ किलो. हा आला कुठून?

कॅलरी म्हणजे उष्णतेचं माप. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते ती आहारातली एक कॅलरी. अन्नाला हे माप नीट लावलं अमेरिकेतल्या विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने, १८९० च्या दशकात. त्याने तांब्याच्या भिंतींची एक बंद खोली बांधून घेतली होती. त्यात माणूस दिवसचे दिवस राहायचा, जेवायचा, झोपायचा, आणि त्याच्या अंगातून किती उष्णता बाहेर पडते, तो किती प्राणवायू वापरतो हे बाहेर मोजलं जायचं. आत जाणाऱ्या अन्नाचं आणि बाहेर येणाऱ्या सगळ्याचं, म्हणजे अगदी सगळ्याचं, वजन आणि विश्लेषण व्हायचं. या खटाटोपातून जे आकडे निघाले ते आज बिस्किटाच्या प्रत्येक पुड्यामागे उभे आहेत: प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, पिष्टमय पदार्थांच्या ग्रॅमला ४, स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅमला ९.

आता शरीरातली चरबी घ्या. ती निव्वळ तूप नसते, तिच्यात पाणी आणि पेशींचे इतर भागही असतात. किलोभर चरबीयुक्त ऊतीत साधारण ८७० ग्रॅम शुद्ध चरबी. गुणिले ९ केलं की पावणेआठ हजारांच्या आसपास. १९५८ मध्ये मॅक्स विश्नॉफ्स्की या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने असाच हिशेब मांडून 'एक पौंड म्हणजे ३,५०० कॅलरी' असं लिहिलं, आणि त्यावर पुढची साठ वर्षं पुस्तकं निघत राहिली.

मग पुस्तकातलं गणित असं चालतं. रोज १०० कॅलरी कमी खा, म्हणजे ढोबळमानाने एक पोळी. वर्षाचे झाले ३६,५००. भागिले ७,७००. पावणेपाच किलो! नुसती एक पोळी सोडून!

कागदावर यात चूक नाही. आता हाच हिशेब पुढे न्या. दहा वर्षांत ४७ किलो. सत्तर किलोंचा माणूस पंधरा वर्षांत एका पोळीपायी अदृश्य व्हायला हवा. तसं होत नाही हे आपल्याला माहीत असतं, तरी पहिल्या वर्षाचं गणित आपण निमूट मान्य करतो. हे मला नेहमीच गमतीशीर वाटतं.

बाकी उरते ती इथे. वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो. लहान शरीर चालवायला, तापवायला, जिना चढवायला इंधन कमी लागतं. म्हणजे काल १०० कॅलरींची जी तूट होती ती उद्या ९५ ची होते, परवा ९० ची, आणि एक दिवस ती शून्यावर येऊन थांबते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा काम करणारे केव्हिन हॉल मूळचे भौतिकशास्त्राचे. त्यांनी २०११ मध्ये हा बदलता खर्च धरून नवं गणित मांडलं. ते साधारण असं: रोजच्या खाण्यातून कायमच्या २४ कॅलरी कमी केल्या तर शेवटी एक किलो उतरेल. 'शेवटी' म्हणजे निम्मं पहिल्या वर्षात आणि जवळपास सगळं तीन वर्षांत. आपल्या पोळीला हे लावलं तर एकूण चार किलोंच्या थोडं वर, पहिल्या वर्षी दोन. आणि पुढे पोळी सोडलेलीच ठेवायची, ते फक्त वजन तिथे राखण्यासाठी.

जिममध्ये लोक म्हणतात, 'वजन अडकलंय.' अडकलेलं नसतं. नवा ताळेबंद जुळलेला असतो.

याहून वाईट बातमी भुकेची आहे. हॉल यांच्याच गटाने नंतर काढलेला अंदाज असा की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला वीस-तीस कॅलरींनी घटतो, पण भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे पाच किलो उतरवलेल्या माणसाला आधीपेक्षा रोज पाचशे कॅलरींची जास्त भूक असते. त्याला 'तुझी इच्छाशक्ती कमी पडली' म्हणणारे नातेवाईक लग्नाच्या पंगतीत शेजारीच बसलेले असतात.

भूक डोक्यात कशी शिरते याचा सगळ्यात हलवून टाकणारा प्रयोग १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात झाला. युद्धानंतर उपाशी युरोपला पुन्हा खायला कसं घालायचं, हा प्रश्न होता. युद्धात लढायला तत्त्वतः नकार देणाऱ्या ३६ तरुणांनी स्वतःला प्रयोगासाठी दिलं. संशोधक अन्सेल कीज यांनी त्यांना २४ आठवडे दिवसाला साधारण १,५७० कॅलरींवर ठेवलं. एक चतुर्थांश वजन गेलं. त्यांचे हातपाय गार पडत, जिना चढवत नसे, आणि हे तरुण बसल्याजागी पाककृतींची पुस्तकं वाचत, ताट चाटूनपुसून साफ करत, स्वप्नातही जेवण बघत. १,५७० हा आकडा आठवणीत ठेवा. आजची कितीतरी डाएट याहून कमीवर बेतलेली असतात. फरक एवढाच की ती मुलं रोज मैलोनमैल चालवली जात होती.

४-९-४ मध्येसुद्धा बाकी आहे बरं का. बदाम घ्या. ॲटवॉटरच्या आकड्यांनी मूठभर बदामाच्या, २८ ग्रॅमच्या, १७० च्या आसपास कॅलरी होतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये माणसांना बदाम खायला घालून प्रत्यक्ष मोजलं, तर शरीराला मिळाल्या १२९. उरलेल्या गेल्या कुठे? बदामाच्या कडक पेशीभिंती दातांनी पुरत्या फुटत नाहीत, आतलं तेल तसंच्या तसं पुढे जातं. तेच बदाम दळून लोणी केलं की जास्त कॅलरी हाती लागतात. पुडक्यावरचा आकडा पदार्थाचा असतो, पोटाचा नसतो. वर आणखी एक खर्च: प्रथिनं पचवायला त्यांच्यातल्याच २०-३० टक्के कॅलरी जळतात, तुपातेलाच्या बाबतीत अगदीच थोड्या.

आपल्याकडे २०१८ च्या सुमारास घरोघरी ५५ मिनिटांचा आकडा शिरला होता. दीक्षित डाएट: दिवसातून दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मधे काही नाही. आमच्या सोसायटीत निम्मे लोक घड्याळ लावून जेवत. कित्येकांचं वजन उतरलंही. ५५ मिनिटांमागे इन्सुलिनचं स्पष्टीकरण दिलं जातं, पण मला वाटतं, उतरलं ते चारचा चहा, त्याच्याबरोबरची खारी, 'जरा तोंडात टाकायला' घेतलेली शेव आणि रात्री दहाचं आइस्क्रीम गेल्यामुळे. (मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर दोन जेवणांमधलं अंतर पुस्तक वाचून वाढवू नका, डॉक्टरांना विचारून वाढवा. साखर एकदम खाली येण्याची भीती असते.)

आणि कोणतं डाएट बरं, या प्रश्नाचं उत्तर? स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये ६०९ लोकांचा निकाल जाहीर केला. निम्म्यांना वर्षभर कमी तेलातुपाचं खाणं, निम्म्यांना कमी पिठासाखरेचं. एका गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६. हा फरक नगण्य धरला जातो. पण दोन्ही गटांत कुणाचं २५ किलोंहून जास्त उतरलं आणि कुणाचं चक्क वाढलं. दोन पंथांमध्ये सातशे ग्रॅमचा फरक आणि एकाच पंथातल्या दोन माणसांमध्ये तीस किलोंचा. पुस्तकं मात्र पंथांवर निघतात.

बारा उड्या

आता पेटी काढूया.

संगीतावरच्या बहुतेक पुस्तकांची सुरुवात पायथागोरसपासून होते. तो लोहाराच्या दुकानावरून जात होता, घणांचे आवाज सुरात आले, त्याने घण तोलून पाहिले तर वजनं २:१, ३:२ अशा प्रमाणात निघाली. गोष्ट सुंदर आहे आणि चुकीची आहे. घणाच्या वजनावर सूर तसा ठरत नाही. तारेला वजनं टांगून केलेली आवृत्तीही चुकीची, कारण पंचम (प) मिळवायला ताण दीडपट नाही, सव्वादोनपट लागतो. हे सोळाव्या शतकाच्या शेवटी विन्चेन्झो गॅलिली नावाच्या वादकाने करून पाहिलं. गॅलिलिओचा बाप. शतकानुशतकं लोक ती गोष्ट नकलून काढत होते, टांगून कुणी बघितलं नव्हतं!

तारेच्या लांबीच्या बाबतीत मात्र प्रमाणं खरी आहेत. तार निम्म्यावर दाबली की वरचा सा. कंपनं दुप्पट. दोन तृतीयांश तार छेडली की पंचम. कंपनं दीडपट. सा आणि प एकत्र वाजले की कानाला जे समाधान वाटतं त्याला आपण षड्ज-पंचम भाव म्हणतो. गुपित एवढंच की ३:२ मध्ये दोन्ही लाटा फार लवकर एकमेकींशी जुळतात.

मग साहजिकच माणसाला वाटलं, सगळे सूर या एकाच दीडपटीने मिळवूया. सा पासून प. त्या प ला सा धरून त्याचा प, म्हणजे रे. त्याचा प, म्हणजे ध. अशा उड्या मारत गेलं की बारा उड्यांमध्ये पेटीच्या बाराही पट्ट्या येऊन जातात आणि आपण परत सा वर येतो, सात सप्तकं वर. करून बघू. सुरुवातीच्या सा ची कंपनं १०० धरा. सात वेळा दुप्पट केली की १२,८००. बारा वेळा दीडपट केली की सुमारे १२,९७५.

जुळलं नाही. १७५ उरले.

हिशेबात चूक नाही, मी तो तीनदा केलाय. कारण शाळकरी पोरालाही पटेल असं आहे: ३ ला ३ ने कितीही वेळा गुणा, उत्तर विषमच येणार. २ ला २ ने कितीही वेळा गुणा, उत्तर समच. विषम संख्या सम संख्येबरोबर कशी होईल? म्हणजे पंचमाच्या उड्या आणि सप्तकाच्या उड्या पहिल्या पावलानंतर एका जागी कधीच, अगदी कधीच भेटणार नाहीत. बारा उड्यांनंतर त्या जवळ येतात, पण अर्ध्या सुराच्या, म्हणजे पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या, साधारण पाव भागाएवढी फट राहते. या फटीला पायथागोरसचा कॉमा म्हणतात. माझ्या लेखी ही जगातली सर्वांत सुंदर बाकी आहे. निसर्गाने कानाला दोन गोष्टी गोड करून दिल्या आणि त्या दोघींचं आपसात पटत नाही.

या फटीचं काय करायचं यावर दोन हजार वर्षं खल झाला. पाश्चात्त्य वाद्यांनी शेवटी घेतलेला मार्ग कोर्टाच्या वाटणीसारखा आहे: फट बारा जणांत समान वाटून टाका. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या १.०५९४६ पट. हा आकडा २ चं बारावं मूळ. चीनमधल्या मिंग घराण्यातला एक राजपुत्र, जू झाइयू, याने १५८४ मध्ये तो अचूक काढून ठेवला होता. आज पियानो, सिंथेसायझर आणि बाजारातल्या जवळपास सगळ्या पेट्या या समान वाटणीत लागतात. फायदा मोठा: काळी एक धरा, पांढरी चार धरा, गाणं सारखंच वाजतं. तोटा असा की सा आणि वरचा सा सोडला तर एकही सूर पूर्ण खरा नाही.

किती खोटा? पंचम अगदी किंचित, कळणारही नाही इतका उतरलेला. गंधार (ग) मात्र चांगलाच चढलेला. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर पंचम दोन भागांनी चुकतो, शुद्ध गंधार चौदा भागांनी.

हे ऐकण्याजोगं आहे. सा ची कंपनं २४० धरा. खरा गंधार सव्वापट, म्हणजे ३००. पेटीचा गंधार ३०२ च्या वर. दोन कंपनांचा तर फरक, असं वाटेल. पण प्रत्येक सुरात त्याचे वरचे सूरही मिसळलेले असतात. सा च्या पोटातला पाचवा सूर १,२०० वर असतो. खऱ्या गंधाराच्या पोटातला चौथा बरोबर १,२०० वर. दोघे एकजीव. पेटीच्या गंधाराचा चौथा मात्र १,२०९ च्या पुढे. हे दोन सूर एकमेकांवर आदळतात आणि सेकंदाला नऊ-दहा वेळा थरथरतात. पेटीवर सा-ग एकत्र दाबून धरा, आवाज काचेसारखा किणकिणतो, स्थिर बसत नाही. तीच ती थरथर.

आता मिरजेचा तानपुरा आठवा. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) त्याच्या घोडीची पाठ सपाट नसते, तिला बारीक उतार असतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. तार घोडीच्या उतारावर लोळत कंप पावते आणि पोटातले सूर एकेक करून उमलतात. सी. व्ही. रामन यांना हे इतकं विलक्षण वाटलं की त्यांनी १९२१ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला: तार जिथे छेडली तिथल्या नियमानुसार जे सूर उमटायलाच नकोत, तेही तानपुऱ्यात जोरात उमटतात. जवारी बरोबर लागली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. कुणी वाजवलेला नसतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो वरचा सव्वापटीवाला, थरथर नसलेला गंधार.

म्हणजे मैफलीत काय होतं बघा. मागे तानपुरा एक गंधार सांगतोय, बाजूला पेटी दुसरा. गायकाने ऐकायचं कुणाचं? आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदीच घातली होती. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. बंदीमागे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, गमक (सूर जोरात हलवणं) निघत नाही हीही कारणं होती आणि परदेशी वाद्य असल्याची अढीही होती, पण सुराची तक्रार तीच. आपल्या संगीत नाटकाला मात्र पेटीवाचून चाललं नसतं. गोविंदराव टेंब्यांनी ती अशी वाजवली की तक्रार करणारेही गप्प बसावेत.

ही बाकी फेडायचा चंग बांधणारे महाराष्ट्रात अधूनमधून निघतात, आणि बहुतेक वेळा त्यांचा धंदा भलताच असतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयांच्या गळ्यातले सूर तारेवर मोजून त्यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या २२ बारीक सूरजागांवर, इंग्रजीत पुस्तक काढलं. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाबरोबर श्रुतींची पेटी करवून घेतली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी केली. तेही पेशाने वैद्यकीय डॉक्टर. कानाच्या डॉक्टरने डाएट काढलं होतं, इथे औषधाच्या डॉक्टरने पेटी सुधारली. फिट्टंफाट.

पण २२ हाही पुस्तकातलाच गोल आकडा ठरतो. भरताने नाट्यशास्त्रात तो सांगितला: सा, म, प यांना चार-चार श्रुती, रे-ध ना तीन-तीन, ग-नि ना दोन-दोन. १९६० च्या दशकापासून यंत्रांनी गवयांचे सूर मोजले जाऊ लागले, तेव्हा दिसलं की एकच गवई, एकाच रागात, एकच गंधार दर वेळी नेमक्या एकाच जागी लावत नाही. कुठून आला, कुठे चाललाय, किती थांबलाय यावर तो सरकतो. दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे हळूहळू झुलणारा, गंधार तर बोट ठेवून दाखवण्याची जागाच नाही. स्टॅनफर्डच्या ६०९ लोकांसारखंच हे: सरासरी काढता येते, तिच्यात राहता येत नाही.

दोन दहा हजार

एक आकडा दोन्ही कपाटांत सापडतो. आहाराच्या कपाटात रोज १०,००० पावलं, संगीताच्या कपाटात १०,००० तास रियाझ.

पावलांचा आकडा जपानी. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव 'मान्पो-केइ', म्हणजेच दहा-हजार-पावलं-मापक. आकडा आधी नावात आला, अभ्यास नंतर झाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांवर अमेरिकी स्त्रिया होत्या. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढायचा थांबला. आमच्या आईला हे सांगितल्यावर तिने रात्री साडेनऊला हॉलमध्ये येरझारा घालणं बंद केलं, एवढा या वाचनाचा निव्वळ नफा.

तासांचा आकडा बर्लिनचा. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तिथल्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला. सर्वांत सरस दहा जणांनी विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजारांवर तास एकट्याने सराव केलेला होता. सरासरी! त्या दहांतल्या निम्म्यांचे तेवढे भरलेही नव्हते, असं एरिक्सन यांनीच पुढे सांगितलं. आणि वीस वर्षांची ती मुलं होतकरू होती, अजून उस्ताद व्हायची होती. २०१४ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा संगीतातल्या दोन माणसांतल्या फरकाचा साधारण पाचवा हिस्सा सरावाच्या तासांनी उलगडला. उरलेले चार हिस्से गुरू, घर, वय, कान, नशीब.

मोझार्ट ऐकवल्याने मूल हुशार होतं, याची कथा तर त्याहून मजेशीर. १९९३ च्या मूळ प्रयोगात मुलं नव्हतीच, ३६ कॉलेजवयीन विद्यार्थी होते. दहा मिनिटं मोझार्ट ऐकल्यावर कागद घडी घालण्यासारख्या एका कोड्यात ते जरा वरचढ ठरले, तेही पंधराएक मिनिटांपुरते. पाच वर्षांनी जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची कॅसेट किंवा सीडी देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले.

घरी करून बघता येईल असं काही हवं असेल तर दोन गोष्टी सांगतो. वजन रोज सकाळी एकाच वेळी करा, पण एका दिवसाच्या आकड्यावर न जाता आठवड्याची सरासरी लिहा. पाणी, मीठ आणि कालचं जेवण यांनी काटा एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतो, त्यात चरबीचा काही संबंध नसतो. आणि रात्री जेवण झाल्यावर फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा, आपल्या पट्टीत. बाकी काही वाजवू नका. पहिली दोन-तीन मिनिटं नुसता सा-प ऐकू येतो. मग खर्जाची तार विरता विरता वर कुठेतरी, खूप बारीक, कुणीतरी गंधार धरल्यासारखं वाटतं. तो ऐकू आला की पेटीवरची गंधाराची पट्टी एकदाच हलकेच दाबून बघा.